हळदीखडकाचा रंग

संतपूरच्या विहारात वर्षावासातलं ग्रंथवाचन आटोपलं, वंदना झाली, तरी सतरंजीवरच्या चौघी काही उठल्या नाहीत. उलट सरकून एकमेकींना खेटून बसल्या आणि आपापले फोन त्यांनी मांडीवर घेतले. स्नेहल बाहेर ओट्यावर लेकीला पदराखाली घेऊन बसली होती. आतून नागूबाईचा आवाज आला.

“पर मला एक सांगा, ह्ये दगड हाय का जनावर?”

“जनावर,” स्नेहल ओट्यावरूनच म्हणाली. “बारीक बारीक जीव असत्यात, लाखांनी. एकमेकाच्या अंगाला अंग लावून घर बांधत्यात. तेच प्रवाळ. तुमच्या गळ्यातलं पोवळं त्यांच्याच कुळातलं.”

नागूबाईनं पोतीतला लाल मणी चिमटीत धरून पाहिला. “अग माय! म्हंजे मी मेलेलं जनावर गळ्यात घालून हिंडायलेय? आन् वर रोज पंचशील म्हणायलेय, प्राणिहत्या करणार न्हाई म्हणून!”

सगळ्या हसल्या. स्नेहलच्या सासूबाई, विमलबाई, मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फोन नाकाशी नेऊन पुढचं चित्र निरखलं. “हळदी,” त्या म्हणाल्या. “चौथा चौकोन.”

“चौथा,” दीपमाला म्हणाली आणि तिनं बोट टेकवलं. भागम्मानं टेकवलं, नागूबाईनं टेकवलं. “साधू, साधू, साधू,” नागूबाई हळूच पुटपुटली आणि पुन्हा खसखस पिकली.

हे काम स्नेहलनंच गावात आणलं होतं. लग्नाआधी ती समुद्रकाठच्या एका गावात शिकायला होती. विषय समुद्रातल्या जीवांचा. पहिलं वर्ष झालं आणि सोयरीक आली. सोयरीक चांगली होती, नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. दुसरं वर्ष मग राहूनच गेलं. अमरदीप हैदराबादला नोकरीला, ती इथं सासू-सासऱ्यांजवळ, आणि आता ही लेक, मैत्री, झाली, दुपारी डोळा लागला तर लागला, नाहीतर आईला हातातला घास खाली ठेवायला लावणारी. त्या काळातली खोलीतली मैत्रीण चैत्रा मात्र समुद्राकाठीच राहिली. तिथल्या बेटाभोवती प्रवाळाचे खडक आहेत. मासेमारांची पोरं आणि कॉलेजातली पोरं मिळून उन्हाळ्यात बुड्या मारतात, प्रत्येक प्रवाळाजवळ रंगांची एक पट्टी धरून फोटो काढतात. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, होड्या काठावर असतात, तेव्हा ते फोटो बघायचं काम निघतं. फोटो हजारो, बघणारे थोडे. म्हणून चैत्रानं जिथं कुणी ओळखीचं होतं तिथं हाक घातली. फोटो बघायचा, प्रवाळाचा रंग पट्टीतल्या कुठल्या चौकोनाशी जुळतो ते दाबायचं, झालं. शाळा शिकलेली असो नसो, डोळे हवेत.

एकच अट होती. प्रत्येक फोटो पाच जणांनी बघायचा, ज्यानं त्यानं आपल्या फोनवर, आपल्या मनानं. पाचांचं जुळलं तर तो रंग खरा धरायचा. नाही जुळलं तर फोटो जाणकारांकडं जायचा.

स्नेहलनं ही अट बायकांना सांगितली होती. त्यांनी ती पाळलीही होती. प्रत्येकीचा फोन वेगळा होता.

खरं तर हे काम विमलबाईंमुळंच उभं राहिलं. सुरुवातीला बायका म्हणाल्या होत्या, समुद्र आपल्या बापजाद्यानं पाहिला नाही, आपल्याला काय करायचंय. तेव्हा विमलबाई म्हणाल्या, “आपल्या सोयाबीनीवर पिवळा पडला तर कुठल्या कुठल्या लोकांनी फोटो बघून औषध सांगितलं का न्हाई? ते कधी संतपूरला आलते? बसा गुमान.” आणि बायका बसल्या. विहाराच्या बायकांत विमलबाईंचा शब्द शेवटचा असे. पुनवेच्या जेवणाला मीठ किती इथपासून कुणाच्या पोरीला कुठं द्यायची इथपर्यंत.

पाण्याखालच्या त्या खडकांना मासेमारांनी नावं दिली होती. त्यातल्या सगळ्यात मोठ्याचं नाव हळदीचा खडक. स्नेहलनं तो एकदा पाहिला होता. शिकत होती त्या वर्षी चैत्रानं तिचा हात धरून तिला पाण्यात उतरवलं, तोंडात नळी. खाली वाकून बघितलं तर ऊन पाण्यातून गाळून आल्यासारखं खडकावर पडलेलं आणि सगळा खडक पिवळाजर्द, जसं कुणाचं लग्न आहे आणि आत्ताच हळद लावलीय. ती गोष्ट तिनं बायकांना इतक्या वेळा सांगितली होती की भागम्मा तिला “हळदीवाली” म्हणायला लागली होती.

“स्नेहल, ये ग, तुझं राहिलंय,” विमलबाईंनी हाक मारली. “आण तिला इकडं.”

त्यांनी मैत्रीला मांडीवर घेतलं आणि पोर लगेच त्यांच्या पदराशी खेळायला लागली. पदर निळसर होता. विमलबाईंची विहारात नेसायची साडी पांढरीशुभ्र असायची, पण या पावसाळ्यात त्यांना एकच घोर लागला होता, साडी पिवळी पडायलीय. दर धुण्याला त्या नीळ वाढवत चालल्या होत्या. मागच्या पुनवेला त्या विहारात आल्या तेव्हा नागूबाई म्हणालीच होती, “विमलाक्का, जयंतीला अजून लई येळ हाय की!” निळ्या साड्या निघतात त्या बाबासाहेबांच्या जयंतीला, म्हणून बायका पदरात हसल्या होत्या. विमलबाईंना कशाला हसल्या ते कळलं नव्हतं.

स्नेहलनं फोन उघडला. हळदीच्या खडकाचाच फोटो होता. तिचं बोट पहिल्या चौकोनावर गेलं. पहिला चौकोन म्हणजे पांढराफट.

“त्यो हळदीच हाय,” विमलबाई पोरीच्या डोक्यावरून म्हणाल्या. “आमी केला.”

स्नेहलनं पुन्हा बघितलं. पाण्याचा उजेड फसवतो, हे ती शिकली होती. फोटोत निळी झाक येते, उन्हानं फोटो उडतात. आणि त्या चौघींनी बघितलं होतं. आणि हळदीचा खडक हळदीचाच असणार. बोट खाली सरकलं आणि चौथ्या चौकोनावर टेकलं.

*

पंधरवड्यानं, भरदुपारी, मैत्री नुकती झोपली होती आणि स्नेहल ताट वाढून घेत होती तेव्हा चैत्राचा फोन आला. दोघी कानडीतच बोलायच्या.

“तुमच्या गावाचं इथं कौतुक चाललंय बघ,” चैत्रा म्हणाली. “बाकी गटांत चार फोटोंमागं एका फोटोवर तरी भांडण असतं. तुमच्या पाच बायका, एकदासुद्धा वेगळं मत नाही. काय जादू केलीस?”

स्नेहलच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

“मी फोन केला तो वेगळ्याच कामाला,” चैत्रा पुढं म्हणाली. “होड्या आता समुद्रात जाणार. त्याआधी मासेमारांची बैठक आहे. हळदीच्या खडकावर या वर्षी नांगर टाकायचा की नाही, ते ठरायचंय. आमचे गणपती अण्णा म्हणतात, मी वैशाखात खाली गेलो होतो, खडक चुन्यासारखा पांढरा पडलाय, त्याला वर्षभर कुणी हात लावू नका. तर बाकीचे होडीवाले म्हणतात, अण्णा म्हातारे झाले, त्यांना काय दिसतंय. पाच-पाच जणींनी फोटो बघितलेत आणि खडक ठणठणीत आहे. आता एका माणसाचं ऐकायचं की पाच जणींच्या डोळ्यांचं? तूच सांग. तुमच्या गटावर माझा भरवसा आहे. फक्त म्हटलं, बैठकीच्या आधी एकदा तुला विचारावं.”

“मी बघून सांगते,” स्नेहल म्हणाली.

ताट झाकून ती मोरीच्या उंबऱ्यात बसली, तिथं उजेड चांगला येतो म्हणून, आणि हळदीच्या खडकाचे फोटो तिनं एकामागून एक उघडले. या वेळी आसपास कुणी नव्हतं. कुणी काही म्हणत नव्हतं. खडक पांढरा होता. शंका घ्यायला जागा नव्हती. फांद्या फांद्या होत्या, त्यांच्या टोकांपर्यंत पांढऱ्या, आणि शेजारी धरलेल्या पट्टीतला चौथा चौकोन पिवळाच दिसत होता. पाण्याचा उजेड फसवत असता तर पट्टीही फसली असती. एवढं तर पहिल्या वर्षालाच शिकवलं होतं.

समोर दोरीवर विमलबाईंची साडी वाळत होती. उन्हात ती आभाळाच्या रंगाची दिसत होती.

स्नेहल साडीकडं बघत राहिली. मग तिला एकेक आठवायला लागलं. फोन नाकाशी नेणं, आणि खडक पिवळा दिसला की शेजारच्या पट्टीशी न जुळवताच चौथा म्हणणं. सुईत दोरा ओवायला दीपमालाला बोलावणं. संध्याकाळी दिवा लागला की “ह्या बल्बाभवती धूर कामून दिसतोय” म्हणणं. मैत्रीचं पांढरं झबलं दोनदा धुवायला काढणं, “डाग गेला न्हाई” म्हणून, आणि डाग कुठं ते स्नेहलला न दिसणं. विमलआत्यांना सगळं जगच पिवळं दिसत होतं. म्हणूनच त्या नीळ घालत होत्या.

पाच जणींचे डोळे नव्हतेच ते. एकीचेच होते, आणि त्यांवर जाळं आलेलं होतं. बाकीच्या चौघींनी फक्त बोटं दिली होती. त्यात एक बोट तिचंही होतं.

*

विमलबाई शेतावरून आल्या, हातपाय धुऊन नातीला तेल लावायला बसल्या. दोन पायांवर उताणी घातलेली मैत्री खिदळत होती. स्नेहल शेजारी बसली. सांगायचं तर कसं? या बाईनं आपल्याला कधी उणं बोललं नाही. दुपारी पोर सांभाळून “जा, कर तुझं समुद्राचं” म्हणणारी सासू कुणाला मिळते? तिलाच सांगायचं, आत्या, तुमचं चुकलं? आणि न सांगावं तर तिकडं लोखंडी नांगर धाडकन त्या पांढऱ्या फांद्यांवर पडणार. आपण एक शब्द गिळला म्हणून.

“काय झालंय?” विमलबाईंनी वर न बघता विचारलं. “जेवली न्हाईस. ताट झाकल्यालं हाय.”

स्नेहलनं सांगून टाकलं. खडकाचं, बैठकीचं, गणपती अण्णांचं. मग साडीचं. बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

विमलबाईंचा तेलाचा हात थांबला.

“म्हंजे मी आंधळी झालेय?”

“तसं न्हाई आत्या. मोतीबिंदू आसंल. बरा होतोय ते. बिदरला जाऊन—”

“आन् सगळ्या बायका मला हसायल्या व्हत्या ते ह्यापायी व्हय? निळी साडी घालून मी पुनवेला मिरवायलेय आन् तुमी सगळ्या गप?”

स्नेहल मैत्रीखालचं दुपटं सारखं करत राहिली.

“त्यांचं जाऊ दे. त्या मला भित्यात. तू शिकलेली हाईस. तू त्यो खडक डोळ्यानं पाहिलीस. तुला पांढरा दिसला का न्हाई, खरं सांग.”

“दिसला.”

“मग?”

“तुमी हळदी म्हणलाव.”

“मी म्हणले म्हणून तू बघायचं सोडलीस?”

हे त्या रागानं म्हणाल्या असत्या तर स्नेहलला सोसलं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. नवल वाटल्यासारखं विचारलं त्यांनी. मग मैत्रीला उचलून खांद्यावर टाकलं आणि तेलकट हातानंच तिची पाठ थोपटत त्या अंगणात गेल्या. दोरीवरच्या साडीचा काठ त्यांनी हातात धरला, डोळ्याजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

“ते जीव पांढरे पडले म्हंजे मेले का?” त्यांनी तिकडूनच विचारलं.

“लगेच न्हाई. त्यांच्या पोटात बारकं शेवाळ ऱ्हातंय, त्याचाच रंग असतोय, त्याच्यावरच ते जगत्यात. समुद्र लई तापला की ते शेवाळ निघून जातंय. गारवा आला आन् मधल्या काळात कुणी खडक मोडला न्हाई, तर परत येतंय.”

“येतंय म्हणतीस.”

“येतंय आत्या. येळ लागतोय.”

“हं,” विमलबाई म्हणाल्या. “चल, विहाराची येळ झाली.”

*

त्या संध्याकाळी वाचन संपलं आणि नेहमीसारख्या बायका सरकायला लागल्या, तशा विमलबाई म्हणाल्या, “थांबा. खेटू नका.”

“का हो अक्का?” भागम्मानं विचारलं. “आज सोवळं पाळायचंय का?”

“पंचायतीच्या मतदानाला तुमी खोलीत एकट्या जाताव का मला संगं नेताव?”

“एकटीच की.”

“आन् मी म्हणले असते, मी बी येते, कुठं शिक्का मारायलीस ते बगते, तर?”

“तर मी मतच दिलं नसतं,” नागूबाई पटकन म्हणाली. “मागच्या बारीला मी तुमच्या जावंच्या भावाला सोडून त्या दुसऱ्याला—” आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

हशा इतका मोठा झाला की मैत्री दचकून रडायला लागली. विमलबाईसुद्धा हसल्या. “ते मला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “तुझ्या तोंडावरच दिसत व्हतं. तर ह्ये बी तसंच हाय. बाबासायबानं मत दिलं ते एकेकीला दिलं, चौघींत मिळून एक न्हाई. आपण इथं बसून पाच फोनवर एकच मत दाबायलाव. माझं. ते आता मोडायचं. हळदीच्या खडकाचं सगळं परत बगायचं. एक ह्या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, एक मूर्तीपशी, एक दारात. तोंडं भिंतीकडं. कुणी कुणाला इचारायचं न्हाई.”

“आन् तुमी?” दीपमालानं विचारलं.

“मी पोरीला घेऊन ओट्यावर बसते.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “माझ्या डोळ्याला सध्या सगळंच हळदीचं दिसायलंय. साडीवरनं तुमाला कळलंच आसंल.”

कुणी हसलं नाही. भागम्मानं उठून त्यांच्या खांद्यावरचा निळसर पदर नीट केला, उगीचच.

मग विहारात अशी शांतता झाली जशी वाचनालाही होत नव्हती. चार बायका चार दिशांना तोंडं करून. पंख्याचा आवाज. मधेच नागूबाई भिंतीलाच म्हणाली, “ह्यो तर राखेसारखा हाय ग!” आणि ओट्यावरून विमलबाईंचा आवाज आला, “नागे, तोंड!”

स्नेहल मूर्तीजवळ बसली होती. पहिलाच फोटो तिच्या ओळखीचा निघाला, ती शिकत असताना जिथं वाकून बघितलं होतं तीच बाजू असावी, निदान तिला तरी तसं वाटलं. मनातला पिवळाजर्द रंग आड येत होता. तो बाजूला सारायला तिला कष्ट पडले. मग तिनं पहिला चौकोन दाबला. पुढच्यात दुसरा. एका कडेला थोडी हळद शिल्लक होती, तिथं चौथा दाबताना तिला रडू आलं आणि खांद्यावर राहिलेल्या पोरीच्या दुपट्यानं तिनं डोळे पुसले.

घरी जाऊन, मैत्री सासऱ्यांच्या मांडीवर असतानाच तिनं चैत्राला फोन लावला आणि लपवलं काही नाही. आम्ही एकत्र बसलो, एकीचं ऐकून सगळ्यांनी दाबलं, मला कळत होतं तरी मी दाबलं. हळदीच्या खडकाचं परत केलंय. मतं चारच आहेत. काही ठिकाणी जुळत नाहीत.

“स्नेहल, हे तुला माहीत होतं ग,” चैत्रा म्हणाली. “तुला तरी.”

“होतं.”

“तुमचे आधीचे सगळे फोटो आता बाद करावे लागतील. वर्षावासाचं सगळं काम.”

“कर. आम्ही परत बघू.”

“आणि पाचवं मत?”

“पाचव्या बाईचं डोळ्याचं काम व्हायचंय. तिची जागा ठेव. दुसऱ्या कुणाला देऊ नको.”

*

बैठकीचं चैत्रानं नंतर कळवलं. भांडण झालंच. फोटोवाल्या आधी एक म्हणतात, मग दुसरं म्हणतात, असंही एक होडीवाला बोलला, आणि ते खोटं नव्हतं. पण चार मतं न जुळल्यामुळं खडकाचे फोटो जाणकारांनी बघितले होते, आणि गणपती अण्णांना या खेपेला एकट्यानं बोलावं लागलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हळदीच्या खडकावर नांगर टाकायचा नाही, एवढं ठरलं. त्यापुढचं तेव्हाच्या फोटोंवर.

“नांगर टाकायचा न्हाई म्हंजे?” नागूबाईनं विचारलं. “समुद्रात बी पेरत्यात का काय?” आणि स्नेहलला सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं.

बिदरची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. त्याआधी एक पुनव होती. सकाळी स्नेहल मैत्रीला कडेवर घेऊन अंगणात आली तर विमलबाई बादलीपाशी बसल्या होत्या, साडी पाण्यात बुडवून, हातात निळीची बाटली उलटी धरून.

“ये,” त्या म्हणाल्या. “मला पिवळी दिसायलीय. तुला कशी दिसती?”

स्नेहल वाकली. पाण्यातला पदर तिनं उचलून उन्हात धरला.

“अजून निळीच हाय आत्या.”

“खरं बोलायलीस का माझं मन राखायलीस?”

“मन राखायचं असतं तर पांढरी म्हणले असते.”

विमलबाईंनी बाटलीचं बूच लावलं आणि ती स्नेहलच्या हातात दिली. “मग ही तुझ्याकडंच ठेव,” त्या म्हणाल्या, आणि साडी साध्या पाण्यात पिळायला लागल्या.